‘अ-स्थळ’ की नाका? : मार्क ओजे यांच्या संकल्पनेची एका सीमागामी महामार्गाच्या आधारे चिकित्सा

प्रास्ताविक

फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ मार्क ओजे (१९३५-२०२३) यांचा ‘अ-स्थळे’ हा छोटेखानी ग्रंथ १९९२ मध्ये पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला आणि १९९५ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर आले. विमानतळ, महामार्ग, सुपरमार्केट, हॉटेलांच्या साखळ्या अशा अवकाशांना ओजे यांनी ‘अ-स्थळ’ अशी संज्ञा दिली. महानगरीय जाणिवेचे साहित्य शिकविताना ही संज्ञा फार सोयीची वाटते. एखाद्या कथेत मॉल आला, उड्डाणपूल आला, टोलनाका आला की तिचा शिक्का मारून मोकळे होता येते. प्रस्तुत लेखकही या सोयीपासून मुक्त नव्हता.

काही वर्षांपूर्वी एम. ए.च्या वर्गात ही संकल्पना समजावून सांगताना उदाहरण म्हणून टोलनाक्याचा उल्लेख केला. माणसे तेथे थांबतात, पैसे देतात आणि निघून जातात, तेथे कोणाचे कोणाशी नाते जडत नाही, असे विवेचन चालू असताना मागच्या बाकावरील एक विद्यार्थी उभा राहिला आणि म्हणाला, “सर, त्या नाक्यावर माझे वडील चौदा वर्षं भाजलेल्या शेंगा विकत होते. ते अ-स्थळ कसं?” वर्गात हशा पिकला. त्या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मात्र देता आले नाही. प्रस्तुत लेख हा ते उत्तर शोधण्याचा उशिराने केलेला प्रयत्न आहे.

अशा वेळी भारतीय वास्तव पुढे करून पाश्चात्त्य सिद्धांत फेटाळणे सोपे असते. परंतु ‘तुमचा समाज निराळा, तुमचा रस्ता निराळा’ एवढ्या एका वाक्यात सिद्धांताचा बचावही होऊन जातो. म्हणून सिद्धांताची परीक्षा त्याच्या स्वतःच्या भूमीवर करणे अधिक न्याय्य ठरेल. ओजे यांनी ज्या फ्रेंच पथकर-महामार्गांच्या अनुभवातून आपली मांडणी उभी केली, त्यांपैकीच एक मार्ग येथे निवडला आहे. हा मार्ग म्हणजे दक्षिण फ्रान्समधील शहरांना स्पेनच्या सीमेशी जोडणारा ‘ए-९’ होय. प्रस्तुत लेखकाने या मार्गावरून प्रवास केलेला नाही. त्याने तो नकाशे, इतिहास आणि ग्रंथ यांतून वाचला आहे. ही मर्यादा आरंभीच नमूद केलेली बरी.

‘अ-स्थळ’ : संकल्पनेचे स्वरूप

ओजे यांची मूळ मांडणी थोडक्यात अशी : मानववंशशास्त्राने ज्याला ‘स्थळ’ म्हटले, त्याची तीन लक्षणे आहेत. ते माणसाला ओळख देते, माणसामाणसांत संबंध निर्माण करते आणि त्याला इतिहास असतो. ज्या अवकाशात ही तिन्ही लक्षणे आढळत नाहीत, ते ‘अ-स्थळ’. घटनांचा, अवकाशाचा आणि व्यक्तिकेंद्रिततेचा अतिरेक ही ज्या कालखंडाची वैशिष्ट्ये आहेत, त्या ‘अतिआधुनिक’ कालखंडाची ही निर्मिती आहे. ग्रंथाच्या आरंभी एक प्रवासी यंत्रातून पैसे काढतो, मोटार घेऊन महामार्गाने विमानतळावर जातो आणि विमानात बसल्यावर निवांत होतो. या सर्व प्रवासात त्याचा संबंध माणसांपेक्षा यंत्रे, तिकिटे, पत्रके आणि सूचनाफलक यांच्याशीच अधिक येतो.

यातील दोन मुद्दे आपल्या विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. पहिला मुद्दा कराराचा. अ-स्थळात प्रवेश करणारा माणूस एक अलिखित करार करतो. तिकीट किंवा पथकराची पावती ही त्या कराराची खूण असते. करार पाळला की त्याला अनामिकता लाभते. दुसरा मुद्दा मजकुराचा. जुने राजमार्ग गावागावांतून जात; महामार्ग गावे टाळतो आणि त्यांच्याविषयीचा मजकूर मात्र फलकांवर लावतो. त्यामुळे गाव न पाहताच गावाची दखल घेतल्याचे समाधान प्रवाशाला मिळते, हे ओजे यांचे निरीक्षण मार्मिक आहे.

ओजे यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे, की स्थळ आणि अ-स्थळ शुद्ध स्वरूपात कोठेच सापडत नाहीत, असे त्यांनी स्वतःच म्हटले आहे. स्थळ कधी पूर्णपणे पुसले जात नाही आणि अ-स्थळ कधी पूर्णत्वास जात नाही. परंतु ही कबुली देऊनही त्यांचे विवेचन प्रवाशाच्या आसनावरून खाली उतरत नाही. पुढे अभ्यासक्रमांत आणि समीक्षेत ही संकल्पना रूढ होताना तर ती कबुलीही गळून पडली आणि उरला तो केवळ शिक्का. प्रस्तुत चिकित्सेचा रोख मुख्यतः या आसनावर आणि या शिक्क्यावर आहे.

ऑरांज ते ल पेर्त्यूस

ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून दक्षिणेकडे उतरणाऱ्या ‘ए-७’ महामार्गाला ऑरांज या शहरापाशी ‘ए-९’ फुटतो. नीम, माँपेल्ये, बेझ्ये, नारबॉन आणि पेर्पिन्याँ या शहरांच्या कडेने सुमारे २८० किलोमीटर अंतर कापून तो पिरेनीज पर्वताच्या पूर्व टोकाशी, ल पेर्त्यूसच्या खिंडीत, स्पेनच्या सीमेला भिडतो. सीमेपलीकडे हाच रस्ता ‘एपी-७’ या नावाने बार्सेलोना आणि व्हॅलेन्सियाकडे जातो. फ्रेंच बाजूच्या पूर्वार्धाला ‘लांगदोसियेन’ आणि नारबॉनपुढील भागाला ‘कातालान’ म्हणतात. ज्या रस्त्याला दोन प्रादेशिक अस्मितांची नावे दिली आहेत, तो ओळखविरहित आहे असे म्हणताना थोडे थबकावे लागते.

हा मार्ग कोऱ्या जमिनीवर आखला गेला नाही. इसवी सन पूर्व ११८ च्या सुमारास रोमन सेनानी डोमिशियस याने इटलीहून हिस्पानियाकडे जाणारा ‘वाया डोमिशिया’ हा रस्ता याच पट्ट्यातून नेला आणि त्याच काळात नारबॉन ही रोमन वसाहत वसविण्यात आली. आजचा महामार्ग बराच अंतर त्या प्राचीन रस्त्याला समांतर धावतो. ल पेर्त्यूसजवळच्या पानिसार या खिंडीत रोमन सेनापती पाँपी याच्या विजयस्मारकाचे अवशेष सापडले आहेत. आल्प्सपासून हिस्पानियाच्या टोकापर्यंत जिंकलेल्या ८७६ नगरांचा उल्लेख पाँपीने त्या स्मारकावर कोरविला होता, असे प्लिनीने लिहून ठेवले आहे. नगरे स्वतः न दाखविता त्यांची मोजदाद रस्त्याच्या कडेला लावणे ही अतिआधुनिक काळाची नवी प्रथा नव्हे, एवढे तरी यावरून दिसते. सत्तेला रस्त्याकडेच्या फलकाची गरज दोन हजार वर्षांपूर्वीही होती.

महामार्गाच्या उभारणीमागेही निश्चित हेतू होता. १९५५ च्या फ्रेंच कायद्याने महामार्ग तत्त्वतः विनामूल्य ठरविले आणि अपवाद म्हणून पथकराची मुभा दिली. पुढे हा अपवादच नियम झाला. १९६३ पासून लांगदोक-रुसियों किनाऱ्यावर नवी पर्यटननगरे उभारण्याची मोठी सरकारी योजना राबविली गेली. उन्हाळ्यात स्पेनकडे लोटणारा पर्यटकांचा ओघ वाटेतच थोपवावा, हा तिचा एक हेतू होता आणि महामार्ग हा त्या योजनेचा कणा होता. म्हणजे माणसांना केवळ पुढे नेण्यासाठीच नव्हे, तर त्यांना वाटेत थांबविण्यासाठीही हा रस्ता बांधला गेला. २००६ मध्ये या मार्गाचे व्यवस्थापन करणारी सरकारी कंपनी व्हान्सी या खासगी उद्योगसमूहाकडे गेली. तिच्या सवलतीची मुदत २०३६ पर्यंत आहे.

तपकिरी फलक : काय वाचायचे, कोणी ठरवायचे?

ओजे ज्या फलकांविषयी लिहितात, त्यांचा जन्म दक्षिणेच्या याच महामार्गजाळ्यावर झाला. १९७० च्या दशकात स्विस वंशाचे आलेख्यकार झां विडमेर यांच्याकडे या फलकांचे काम सोपविण्यात आले. तपकिरी पार्श्वभूमीवर पांढरी, अत्यंत सोपी केलेली चित्रे हे त्यांचे स्वरूप. विडमेर यांनी चित्र आणि नाव वेगवेगळ्या फलकांवर ठेवले : आधी चित्र दिसते आणि थोडे पुढे गेल्यावर त्याचे नाव येते. कोडे घालून मग उत्तर सांगण्याचीच ही रीत आहे. कंटाळलेल्या प्रवाशाला, विशेषतः मागच्या आसनावरील मुलांना, क्षणभर गुंतवून ठेवण्याची ही युक्ती कलादृष्ट्या प्रशंसनीय आहे, यात शंका नाही.

तथापि ओजे फलकाकडे केवळ ‘मजकूर’ म्हणून पाहतात. त्या मजकुराची निवड कोणी केली, हा प्रश्न ते पुरेशा आग्रहाने विचारत नाहीत. पेर्पिन्याँच्या उत्तरेस महामार्गाच्या अगदी कडेला साल्सचा किल्ला आहे. आरागॉनच्या राजाने १४९७ पासून तो सीमारक्षणासाठी बांधविला. १६५९ च्या पिरेनीज तहाने सीमा दक्षिणेला सरकली आणि किल्ल्याचे प्रयोजनच संपले. असा निरुपद्रवी झालेला इतिहास फलकासाठी फार सोयीचा असतो.

किल्ल्यापासून थोड्याच अंतरावर रिव्हसाल्तची छावणी आहे. १९४१ पासून तेथे स्पॅनिश निर्वासित, ज्यू आणि जिप्सी यांना डांबून ठेवण्यात आले. १९४२ मध्ये दोन हजारांहून अधिक ज्यूंना तेथून मृत्युछावणीच्या वाटेला लावण्यात आले. अल्जीरियाच्या स्वातंत्र्यानंतर, १९६२ पासून, फ्रान्सच्या बाजूने लढलेल्या हर्कींची कुटुंबे त्याच बराकींत ठेवली गेली. पुढे १९८६ ते २००७ या काळात तेथे परवान्याविना राहणाऱ्या परदेशी नागरिकांना स्थानबद्ध केले जात असे. या जागी स्मारक उभे राहण्यास २०१५ साल उजाडावे लागले. महामार्गाने वर्षानुवर्षे लक्षावधी प्रवासी या बराकींजवळून नेले. त्यांना तेथे काहीच दिसले नसेल, तर तो दोष महामार्गाच्या ‘स्वभावाचा’ म्हणता येणार नाही. काय दाखवायचे आणि काय नाही, याचा निर्णय माणसांनी आणि संस्थांनी घेतलेला असतो. ‘अ-स्थळ’ या शब्दात हा निर्णय झाकला जातो. जे विसरविले गेले, ते जणू मुळातच नव्हते असे वाटू लागते. संकल्पनेचा हा सर्वांत गंभीर दोष आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रवासी कोण?

ओजे यांचा प्रवासी एकटा आहे, त्याच्या खिशात बँकेचे कार्ड आहे आणि त्याची कागदपत्रे चोख आहेत. अनामिकता ही त्याच्यासाठी विश्रांती आहे. परंतु ल पेर्त्यूसच्या खिंडीतून जाणाऱ्या सर्वांनाच ही चैन कधी परवडली?

२६ जानेवारी १९३९ रोजी बार्सेलोना फ्रँकोच्या सैन्याच्या हाती पडले आणि त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत साडेचार लाखांहून अधिक माणसे सीमा ओलांडून फ्रान्समध्ये आली. ल पेर्त्यूस ही त्यांची एक प्रमुख वाट होती. सैनिकांची शस्त्रे सीमेवर काढून घेण्यात आली आणि हजारो लोकांची रवानगी आर्जेलेसच्या समुद्रकाठच्या उघड्या वाळूवर झाली. कवी आंतोनियो माचादो याच लोंढ्यातून फ्रान्समध्ये आले आणि २२ फेब्रुवारी १९३९ रोजी कोलियूर या गावी वारले. सीमेपलीकडील ला जोंकेरा या गावात २००७ पासून या निर्वासनाचे संग्रहालय आहे. महामार्ग अर्थातच पुढे अनेक वर्षांनी झाला. पण ज्यांच्या घरात ही आठवण आहे, त्यांना आजही त्या खिंडीतून इतिहासविरहित प्रवास करणे शक्य नाही.

आणखी एक प्रवासी पाहू. दरवर्षी उन्हाळ्यात फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स येथे स्थायिक झालेली मोरोक्कन कुटुंबे टपावर सामानाचे गाठोडे बांधून याच रस्त्याने दक्षिणेकडे निघतात आणि अल्हेसिराससारख्या बंदरातून नावेने मायदेशी जातात. त्यांच्या लेखी ‘ए-९’ ही गावाकडची वाट आहे. कोकणात गणपतीला निघालेल्या चाकरमान्यासाठी मुंबई-गोवा महामार्ग जसा केवळ महामार्ग नसतो, तसेच हे आहे.

सीमेचेही असेच आहे. २६ मार्च १९९५ पासून शेंगेन करार प्रत्यक्ष अमलात आला आणि फ्रान्स-स्पेन सीमेवरील नियमित तपासणी संपली. नोव्हेंबर २०१५ मध्ये पॅरिसमधील हल्ल्यांच्या सुमारास फ्रान्सने ती पुन्हा सुरू केली. तेव्हापासून एकाच रांगेतील दोन मोटारींना ही खिंड एकसारखी वागणूक देईलच, अशी खात्री देता येत नाही. एकाला हात दाखवून सोडले जाते आणि दुसऱ्याला बाजूला घेतले जाते. ज्याला बाजूला घेतले जाते, त्याला ओळख हरविल्याचा अनुभव येत नाही. उलट चेहरा, आडनाव आणि कागद यांच्या रूपाने स्वतःची ओळख त्याच्या अंगावर येते. अनामिकता हा त्या अवकाशाचा गुणधर्म नाही. काही प्रवाशांना लाभलेली ती सवलत आहे.

एक पूर्वकालीन प्रतिवाद

येथे एका साहित्यकृतीचा विचार करणे उद्बोधक ठरेल. ओजे यांच्या ग्रंथाच्या दहा वर्षे आधी, २३ मे ते २३ जून १९८२ या काळात, अर्जेंटिनाचे लेखक हुलिओ कोर्तासार आणि त्यांच्या पत्नी कॅरल डनलॉप यांनी पॅरिस ते मार्सेय हा प्रवास महामार्गाने केला. ज्या मार्गाला पुढे ‘ए-९’ फुटतो, तोच हा मार्ग. एका दिवसात सहज उरकणाऱ्या या प्रवासाला त्यांनी एक महिना लावला. नियम दोनच : महामार्ग सोडून बाहेर पडायचे नाही आणि दररोज दोनच विश्रांतिस्थळे गाठायची, त्यांपैकी दुसऱ्या ठिकाणी मुक्काम करायचा. या प्रवासाचे पुस्तक १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. तोपर्यंत कॅरल डनलॉप यांचे निधन झाले होते आणि पुढच्याच वर्षी कोर्तासारही गेले.

या पुस्तकात विश्रांतिस्थळांचे वर्णन जुन्या दर्यावर्दी शोधप्रवासांच्या थाटात केले आहे. झाडे, कीटक, कचऱ्याची पिंपे, मालमोटारींचे चालक आणि रात्रीचे आवाज यांची नोंद होत जाते. वरकरणी खेळकर वाटणाऱ्या या लेखनातून एक महत्त्वाचे तत्त्व हाती लागते : अवकाशाचे स्थळपण तेथे व्यतीत केलेल्या काळावर आणि दिलेल्या लक्षावर अवलंबून असते. कोर्तासार यांच्या १९६६ मधील ‘दक्षिणेचा महामार्ग’ या कथेत तर वाहतुकीच्या अनंत खोळंब्यात अडकलेल्या अनोळखी प्रवाशांचा एक छोटा समाजच उभा राहतो. त्यात पाण्याची वाटणी होते, आजाऱ्यांची शुश्रूषा होते आणि प्रेमही जमते; खोळंबा सुटताच मात्र तो समाज विखुरतो. म्हणजे ओजे ज्याला अवकाशाचे लक्षण म्हणतात, ते खरे तर वेगाचे लक्षण आहे. वेग थांबताच त्याच डांबरावर समाज उगवतो. ललित लेखनाने सिद्धांताच्या आधीच सिद्धांताला दिलेले हे उत्तर आहे आणि साहित्याच्या अभ्यासकांनी तरी ते नजरेआड करू नये.

पथकर : करार की कलह?

ओजे यांच्या मते पथकराची पावती ही कराराची खूण आहे. परंतु करार म्हटला की त्यात दोन पक्ष आले आणि दोन पक्ष आले की वादही आला. ‘ए-९’ चा अलीकडचा इतिहास या वादांनी भरलेला आहे.

एप्रिल २०१६ मध्ये सीमेजवळच्या ल बूलू येथे फ्रेंच द्राक्षउत्पादकांनी स्पेनहून येणारे टँकर अडवून त्यांतील वाईन रस्त्यावर सोडून दिली. स्वस्त आयातीमुळे आपला माल पडून राहतो, ही त्यांची तक्रार होती. शहराजवळून जाणाऱ्या वाहनांना तेथील द्राक्षमळा केवळ दृश्य म्हणून दिसतो; त्या मळ्याचा मालक मात्र त्याच रस्त्यावर आपले मरण वाहून येताना पाहतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये कॅटलन स्वातंत्र्यवाद्यांनी ला जोंकेराजवळ रस्ता रोखून धरला. त्याआधी, १ व २ डिसेंबर २०१८ च्या दरम्यानच्या रात्री, ‘पिवळी जाकिटे’ आंदोलनाच्या काळात नारबॉनच्या दक्षिणेकडील पथकरनाका पेटविला गेला. जाळपोळीचे समर्थन करता येणार नाही. मात्र संतप्त जमावाने नेमका नाकाच का निवडला, हा प्रश्न समीक्षेने विचारायलाच हवा. शहरापासून दूर राहणाऱ्या, कामासाठी रोज मोटार चालवावी लागणाऱ्या माणसाला शासन आणि भांडवल यांचे जे दर्शन नाक्यावर घडते, ते इतरत्र इतके रोकडे घडत नाही. २०१४ मध्ये फ्रान्सच्या स्पर्धा प्राधिकरणानेही या महामार्ग कंपन्यांच्या असाधारण नफ्यावर बोट ठेवले होते.

सीमेपलीकडे निराळा शेवट झाला. तेथील सवलतीची मुदत संपल्यावर ३१ ऑगस्ट २०२१ च्या मध्यरात्री ला जोंकेरापासून दक्षिणेकडे जाणाऱ्या ‘एपी-७’ वरील पथकर बंद झाला. खिंडीच्या एका बाजूला पैसे मोजावे लागतात, दुसऱ्या बाजूला नाही. डांबर मात्र तेच. शेंगेनने पुसलेली सीमा अशा प्रकारे पथकराने पुन्हा रेखली आहे.

महाराष्ट्रातील वाचकाला येथे कोल्हापूरची आठवण होणे स्वाभाविक आहे. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारख्या ज्येष्ठांच्या सहभागाने चाललेल्या दीर्घ जनआंदोलनानंतर २०१५ च्या अखेरीस तेथील शहरातील पथकर रद्द करण्याचा निर्णय शासनाला घ्यावा लागला. तेथेही आंदोलनाचे केंद्र नाकाच होता.

आणि ‘नाका’ हा शब्दच आपल्याला ओजे यांच्यापासून वेगळ्या दिशेने नेतो. मराठीत जकात नाका आहे, पोलिसांचा तपासणी नाका आहे, तसाच मित्रांनी संध्याकाळी जमण्याचाही नाका आहे. भल्या सकाळी रोजंदारीच्या आशेने मजूर उभे राहतात, तोही नाकाच. ‘नाका कामगार’ ही तर रूढ संज्ञा आहे. जेथे वाट अडविली जाते, तेथेच माणसे जमतात, धंदा मांडतात, काम मागतात, भांडतात, हे शहाणपण या एका शब्दात साठलेले आहे. अडवणूक आणि भेट हे दोन्ही अर्थ मराठीने एकाच शब्दात वागविले. ‘अ-स्थळ’ या संज्ञेने ते एकमेकांपासून तोडले आणि केवळ अडवणुकीचा, तोही सुखवस्तू प्रवाशाला जाणवणारा, अर्थ शिल्लक ठेवला. ‘नाका’ ही संकल्पना म्हणून पुढे करताना भाषाभिमान मिरविण्याचा हेतू नाही. नारबॉन आणि ल बूलू येथील घटना तिच्या साहाय्याने अधिक नीट उलगडतात, एवढेच तिचे समर्थन पुरेसे आहे.

समारोप

वरील विवेचनातून निष्पन्न होणारे मुद्दे असे : पहिला, ‘अ-स्थळ’ हे अवकाशाचे लक्षण नसून अवकाशाशी असलेल्या विशिष्ट संबंधाचे लक्षण आहे, हा संबंध वेग, पैसा आणि कागदपत्रे यांनी घडतो. दुसरा, इतिहासाचा अभाव आणि इतिहासाचे विस्मरण या दोन गोष्टी भिन्न आहेत. रिव्हसाल्तच्या बराकींसमोर त्यांची गल्लत करणे नैतिकदृष्ट्याही अयोग्य ठरते. तिसरा, पथकर हा केवळ मूक करार नसून सामाजिक कलहाचे स्थान आहे. चौथा, आपल्या भाषेतील ‘नाका’ यासारखे शब्द आयात संज्ञांची परीक्षा करण्यास समर्थ आहेत. त्यांचा उपयोग आपण वर्गात आणि लेखनात अधिक जबाबदारीने केला पाहिजे.

याचा अर्थ ओजे यांचा ग्रंथ निकालात निघाला असा नव्हे. फलकांविषयीचे आणि कराराविषयीचे त्यांचे निरीक्षण आजही मोलाचे आहे. किंबहुना ते भविष्यसूचक ठरेल अशी चिन्हे आहेत. फ्रान्समधील काही महामार्गांवर आता अडथळ्याविना, वाहन न थांबविता पथकर घेण्याची पद्धत सुरू झाली आहे. भारतात फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला. गाडी थांबण्याचा वेळ घटला, इंधनाची बचत झाली. या सुधारणेला विरोध करण्याचे कारण नाही. परंतु ज्या थांब्यावर नाका उभा होता, तो थांबाच नाहीसा होऊ लागला, याचीही नोंद कोणीतरी घेतली पाहिजे.

त्या विद्यार्थ्याने ‘विकत होते’ असे म्हटले होते. त्या भूतकाळाकडे तेव्हा लक्ष गेले नाही. तास संपल्यावर विचारले, तेव्हा त्याने सांगितले की आता गाड्या थांबत नाहीत, म्हणून वडिलांनी नाका सोडला. तेव्हा त्याला आज द्यावयाचे उत्तर असे : तुझे म्हणणे बरोबर होते. ते अ-स्थळ नव्हते; ते तसे होत गेले, आणि ज्यांच्यासाठी ते स्थळ होते त्यांना कोणी विचारले नाही. ओजे यांचा ग्रंथ यापुढेही वर्गात शिकवावयाचा आहे. पण तो शिकविताना गाडीच्या काचेच्या दोन्ही बाजूंनी वाचावा लागेल.